मागं बघायचं नाय

माझी ताई देशासाठी धावते. तिच्या छातीवर देशाचं नाव असतं, पायात परदेशी बनावटीचे स्पाइक्स असतात. मान मात्र पोलादपूर तालुक्यातली आहे, आणि दोन वर्षांपूर्वी सगळा घोटाळा त्या मानेनेच केला होता.

रिलेत चौघी धावतात आणि एक बॅटन एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ते जातं कसं, हे मला ताईमुळे कळलं. पुढची मुलगी आपल्या जागी उभी राहून मागे बघत असते. थोडं मागे ट्रॅकवर चिकटपट्टीची एक खूण असते. मागून धावत येणारी त्या खुणेवर आली की पुढचीने समोर तोंड करायचं आणि जीव घेऊन सुटायचं. त्यानंतर मागे बघायचं नाही. मागची ‘ले!’ असं ओरडते, पुढची पळता पळता हात मागे नेते आणि बॅटन तळव्यात येतं. सगळा विश्वासाचा कारभार. मान फिरली की खांदा फिरतो, खांदा फिरला की पाऊल आखडतं आणि पदक दुसऱ्याच कुठल्या देशाच्या विमानात बसून निघून जातं.

ताई बघायची. दर वेळी, उजव्या खांद्यावरून.

त्याचं कारण कॅम्पातल्या सरांना ठाऊक नव्हतं, आम्हाला होतं. आमच्या भागात सपाट जमीन म्हणजे भाताची खाचरं. ती पावसाळ्यात पाण्याखाली आणि उन्हाळ्यात ढेकळांची. त्यामुळे ताई महाबळेश्वरला चढणाऱ्या घाटरस्त्यावर पळायला शिकली. त्या रस्त्याने उतरताना टेम्पोवाले डिझेल वाचवायला इंजिन बंद करतात. गाडी मागून येते ती मांजरासारखी, आवाज न करता. तिथे जो मागे बघत नाही, त्याचा फोटो भिंतीवर जातो. रोज सकाळी आमची आत्या तिला रस्त्यापर्यंत सोडायला जायची आणि तोंडात एकच मंत्र असायचा, “मागं बघत जा गो. धा पावलं टाकलीस का मागं बघ.” शाळेपासून कॉलेजपर्यंत ती तशी पळाली. रायगडाच्या पायऱ्या चढायचा सराव करायला गेली की हिरकणीवाडीत ताक विकणाऱ्या बायका विचारायच्या, “काय गो, कोन पाठी लागलाय काय?”

दोनशे मीटरमध्ये ही खोड दबून गेली. आपली लेन आपल्यापुरती असते, त्यात टेम्पो येत नाही. तालुका, जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय, मग कॅम्प, असं करत ती वर गेली. परदेशात पहिल्यांदा धावली तेव्हा पहिल्याच फेरीत बाहेर पडली. फोनवर म्हणाली, “अगं, त्या मुली पळत नाहीत, निघून जातात.” मग सरांनी तिला रिलेत घेतलं, तिसऱ्या टप्प्यावर, कारण वळणावर तिच्याइतकं चिकटून कोणी पळत नाही. ते शिक्षणही घाटाचंच. पण रिलेत मागून खरोखरच कोणीतरी पूर्ण वेगात येत असतं. पावलांचा आवाज आला की ताईची मान आपोआप टेम्पो शोधायला लागली.

आता आमच्या घराविषयी. अप्पा महाडला एका छापखान्यात मशीन चालवतात. लग्नपत्रिकांवर पोट भरतात आणि पत्रकांवर जगतात. सभा, मोर्चे, निषेध, अंधश्रद्धा, पाणी, जमीन, जे जे छापायचे, त्याच्या बिघडलेल्या प्रती घरी यायच्या. माझ्या शाळेच्या पुस्तकांना त्यांचीच कव्हरं असायची. मला ‘कमळ’ वाचता येण्याआधी ‘जाहीर’ वाचता आलं. गणितं मी मागच्या कोऱ्या बाजूला सोडवली आणि पुढच्या बाजूने बिघडले. अप्पांची मोठी बहीण, म्हणजे आत्या, आमच्यातच राहते आणि तिचा देवांवर भरवसा आहे. सगळ्याच देवांवर, भेदभाव न करता. आमच्या घरात देव्हारा माजघरात होता आणि क्रांती ओटीवर. आई दोन्हीकडे चहा पोचवायची.

ताईने पहिलं राष्ट्रीय पदक आणलं तेव्हा एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्यावर शुभेच्छुक दाटीवाटीने उभे होते, कोणी गॉगल लावलेला, कोणी फोन कानाला लावलेला. ताई खालच्या कोपऱ्यात, दहावीच्या हॉल तिकिटावरच्या फोटोत. मधोमध धावणारी म्हणून जी आकृती होती, ती इंटरनेटवरून उचललेल्या कुठल्यातरी परदेशी पुरुषाची होती. आत्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि अप्पांना म्हणाली, “ह्यो कोन रे? मला न विचारता जावई बघितलास काय?”

सत्काराच्या दिवशी मी माझं पहिलं पत्रक काढलं. मथळा होता, ‘सत्कार नको, मैदान द्या!’ महाड-पोलादपूरच्या पोरींनी टेम्पो चुकवत पळायचं आणि पदक आलं की तुम्ही शाल घेऊन यायचं, हे चालणार नाही, असा एकूण सूर. स्टेजवर पाहुण्यांसाठी ताटात नारळ मांडले होते. प्रत्येक नारळाखाली मी एकेक पत्रक सरकवलं. प्रमुख पाहुण्यांना ते आपलंच भाषण वाटलं. त्यांनी ते खणखणीत आवाजात वाचायला घेतलं आणि “शाली पांघरून आमची थंडी जात नाही” या वाक्याला टाळ्यासुद्धा घेतल्या. मग पुढची ओळ त्यांच्या डोळ्यांना दिसली आणि त्यांना खोकला झाला. तो खोकला कार्यक्रम संपेपर्यंत थांबला नाही.

मैदान काही मिळालं नाही. ताई मात्र कॅम्पात गेली आणि तिथे तिची मान उघडी पडली.

त्या वर्षी भात घरात आल्यावर ती थोड्या दिवसांसाठी आली, तेव्हा तोंड उतरलेलं होतं. आम्ही सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेलो होतो. ताईचे पाय दुखले की ती तिथे जाऊन बसते. कॅम्पात बर्फाच्या पाण्यात बसवतात. देशाने गोठवायचं आणि सवने शिजवायचं, असं तिच्या पायांचं वेळापत्रक आहे. पाण्यात पाय सोडून ती म्हणाली, “गेल्यावर ट्रायल आहे. सरांनी स्पष्ट सांगितलंय, मान फिरली तर तिसऱ्या टप्प्यावर दुसरी मुलगी. मी राखीव.”

“राखीव म्हणजे विमानात बसायला मिळतं ना?”

“मिळतं. आणि तिथे जाऊन टॉवेल धरायला मिळतात.”

“मग नको बघूस ना मागे.”

“मी बघत नाही गं. मान बघते.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कापलेल्या खाचरात सराव सुरू केला. मागून येणारी मी. बॅटन म्हणून आईचं लाटणं. मी धपधप पळत जायचे, “ले!” ओरडायचे आणि ताई हमखास वळून माझ्या तोंडाकडे बघायची. मी डोळ्यांना झापडं लावायचं सुचवलं. ती बांधावरून पडली. आत्याचा मानेचा पट्टा आणला, तो डॉक्टरांनी तिला पूर्वी दिलेला. पट्टा होता तोवर मान ताठ, पट्टा काढला की टेम्पो. शेवटी मी तिला भाषण दिलं. माणसाने भीतीची गुलामी झुगारली पाहिजे, मागे बघणारा समाज पुढे जात नाही वगैरे. ती शांतपणे म्हणाली, “हे पत्रकात छान वाटतं. पळताना कानात जात नाही.” आणि लाटणं आईला परत करून आली.

मग राखण आली.

आमच्या गावात भात घरात आलं की राखणदाराला नैवेद्य देतात. गावच्या शिवेवर ऐनाच्या झाडाखाली एक शेंदूर लावलेला धोंडा आहे. तो गाव राखतो असं म्हणतात. दिवेलागणीच्या आधी प्रत्येक घरातून एकाने पानावर भात आणि खोबरं घेऊन जायचं, धोंड्यापुढे ठेवायचं आणि परत यायचं. हे काम घरातल्या पुरुषाचं. पण काका मुंबईला कामाला, आणि अप्पा राखणीच्या दिवशी मुद्दाम ओटीवर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. म्हणून आत्याने लहानपणापासून ताईला धाडलं. त्यामागे धर्म कमी आणि व्यवहार जास्त होता. ताई लवकर जाऊन लवकर यायची, भात गार व्हायचा नाही.

त्याही संध्याकाळी आत्याने तिच्या हातात पान दिलं आणि नियम सांगितले. “ठेवलंस का फिरायचं. बोलायचं नाय, थांबायचं नाय, मागं बघायचं नाय. मागं बघितलंस का राखणदार पाठी येतो. दारात आलीस का पाय धुवायचे, मग काय ती मान फिरव.”

ओटीवरून अप्पांनी अग्रलेख वाचायला सुरुवात केली. आत्या म्हणाली, “हळू वाच रे, देवाला ऐकू जाईल.” अप्पांचा आवाज खाली आला. क्रांती सगळ्यांना घाबरत नाही, पण मोठ्या बहिणीला घाबरते.

मी दरवर्षीप्रमाणे ताईच्या मागून निघाले. माझा हेतू शास्त्रीय होता. मागे बघितल्याने काही होत नाही हे सिद्ध करायला कोणीतरी मागे बघायला हवं, म्हणून मी करवंदीच्या जाळीत लपून तिला हाका मारायचे. आजवर एकदाही यश आलं नव्हतं. त्या दिवशी तिने पान ठेवलं, फिरली आणि भरभर उतरणीला लागली.

“ताई, साप!” मी ओरडले. तिची चाल बदलली नाही.

“ताई, सरांचा फोन!” हे पटण्यासारखं होतं, कारण आमच्या गावात रेंज फक्त त्या शिवेच्या टेकाडावरच येते. तरी नाही.

मला राग आला. जाळीतून बाहेर पडून मी तिच्या मागे पळाले. उतारावर माझी पावलं बैलासारखी वाजत होती. माझ्या पावलांच्या आवाजाने तीही पळायला लागली. आणि मग, नुसतं चिडवायला, मी पोटातून ओरडले, “ले!”

ताईचा उजवा हात मागे आला. तळवा उघडा, अंगठा बाहेर, अगदी कॅम्पात शिकवतात तसा. मान समोर, खिळ्याने ठोकल्यासारखी.

माझ्या हातात काहीच नव्हतं. मी पळता पळता पायातली चप्पल काढली आणि तिच्या तळव्यात ठेवली. तिने ती घट्ट पकडली आणि वेग वाढवून घराकडे निघून गेली. मी एका पायावर रस्त्यात उभी राहिले. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला असा साक्षात्कार होणं लाजिरवाणं आहे, पण झाला.

मी लंगडत अंगणात पोचले तेव्हा ताई पाय धुत होती आणि आत्या कपाळावर हात मारून घेत होती. “देवाला भात देऊन चप्पल आणलीस? काय गो, अदलाबदल केलीस काय?”

“ती माझी आहे,” मी म्हटलं. “आत्या, उद्या परत राखण द्यायची.”

अप्पांनी वर्तमानपत्र खाली केलं. आत्या माझ्याकडे डोळे बारीक करून बघायला लागली. “कोन बोलला?”

“मी.”

“तू? गेल्या सालाला देवळाच्या भिंतीव कागद चिकटवणारी तू? राखण सालातून एकदा असते. देवाचा खेळ नाय करायचा.”

मी वाद घालायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी नैवेद्याच्या बाजूने बोलत होते आणि आत्या विरोधात. मी म्हटलं, रोज दिला तर देव काय नको म्हणेल? ती म्हणाली, सवय लागेल त्याला. मी म्हटलं, भात नको, नुसतं खोबरं ठेवू. ती म्हणाली, आता देवाला नाश्त्यावर भागव. तेवढ्यात ताई पुढे झाली आणि तिने आत्याला ट्रायलचं सगळं सांगितलं. मान फिरली तर दुसरी मुलगी जाणार, हेही. आत्याने ताईच्या मानेवरून हात फिरवला. घाटरस्त्यावरचा मंत्र तिचाच होता, हे तिच्या ध्यानात आलं असावं.

“बरं,” ती म्हणाली. “पन फुकट नाय. देवाला उगाच उठवायचं तर गाऱ्हाणं घालावं लागतंय, का उठवला ते सांगावं लागतंय. आनि ते हिनं घालायचं.” तिचं बोट माझ्याकडे होतं. “मोठ्यानं. हात जोडून.”

अप्पा म्हणाले, “अक्का, हा वैचारिक दबाव आहे.”

“हाय तर हाय. तू पेपर वाच.”

मी ती रात्र तत्त्वांशी झगडण्यात घालवली असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे पटकन झोप लागली. सकाळी उठले तेव्हा तोडगा तयार होता. हात जोडायचं ठरलं होतं. काय बोलायचं ते कोणी ठरवलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही तिघी धोंड्यापाशी गेलो. ताईने खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मी हात जोडले, घसा साफ केला आणि सुरू केलं, “गावच्या राखणदारास जाहीर निवेदन. आपण पिढ्यान् पिढ्या या शिवेवर बसून आहात. या काळात आपण गावातील मुलींसाठी नेमकं काय केलंत, असा प्रश्न आम्ही आज विचारत नाही. आमची मागणी एकच आहे. आमच्या ताईची मान सरळ राहिली पाहिजे. राहिलीच पाहिजे!”

आत्याने मला कोपराने ढोसलं. “देवावर मोर्चा काढलास काय गो? उठून आला तर खाली बस म्हनावं लागेल त्याला.”

“तो बसलेलाच आहे.”

“गप ऱ्हा. आता शेवटाला काय ते बोल.”

“आपले विनीत, समस्त ग्रामस्थ,” मी म्हटलं.

ताई हसू दाबत होती, पण तिने फिरायच्या आधी धोंड्याकडे एकदा नीट बघितलं आणि तोंड मिटलं. बोलायचं नाय. ती सुटली. मी लाटणं घेऊन मागे. “ले!” हात आला, मान नाही. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. वाडीतल्या बायका कुंपणापाशी येऊन बघायला लागल्या. रोज संध्याकाळी निवेदन, त्यामागून पळणाऱ्या दोन पोरी, त्यांच्यामागून उतरणीला धापा टाकत शिव्या घालणारी आत्या. लाटण्याने चपात्या करताना आई म्हणायची, “आज ह्याने देशासाठी किती काम केलं?”

पण खाचरात गेलो की मान पुन्हा फिरायची. धोंडा असेल तिथेच जमत होतं. कॅम्पात धोंडा कुठून न्यायचा?

निघायच्या आदल्या दिवशी जेवताना ताई अचानक म्हणाली, “आत्या, शीव म्हणजे नक्की काय गं? तो धोंडाच का?”

“धोंडा काय, खून हाय. जिथं आपलं संपतं ती शीव. परत्येक गावाला असते.”

ताईने घास तसाच ठेवला. “माझी पट्टी,” ती म्हणाली. “ट्रॅकवरची चिकटपट्टी. तिथवर मागच्या मुलीकडे बघायचं, तिथून पुढे नाही. मग तीच माझी शीव.”

अप्पा म्हणाले, याला सवयीचं मानसशास्त्र म्हणतात. आत्या म्हणाली, याला देवाची करणी म्हणतात. मी म्हटलं, याला तंत्र म्हणतात. ताईने तिघांना जेवू दिलं आणि सुक्या खोबऱ्याचे तुकडे फडक्यात बांधून बॅगेत टाकले, स्पाइक्सच्या शेजारी.

ट्रायलच्या दिवशी मी सकाळपासून शिवेच्या टेकाडावर फोन घेऊन बसले. दुपार कलल्यावर ताईचा फोन आला. आवाजावरून काही कळेना.

“काय झालं?”

“सर विचारत फिरतायत, ट्रॅकवर नारियल कोणी फेकलं म्हणून.”

“म्हणजे?”

“मी पट्टीच्या बाजूला खोबरं ठेवलं होतं. मी सुटले आणि पाठून कावळा आला, खोबरं उचलून गेला. सगळी पोरं ओरडली. मला नंतर कळलं.”

“ओरडली तरी बघितलं नाहीस?”

“बोलायचं नाय, थांबायचं नाय,” ती म्हणाली आणि खदाखदा हसली. ती निवडली गेली होती. पण सरांनी ट्रॅकवर खाद्यपदार्थ आणायला बंदी घातली होती आणि ट्रायल म्हणजे स्पर्धा नव्हे, असंही बजावलं होतं. परदेशात, भरलेल्या स्टेडियममध्ये, खोबऱ्याशिवाय मान काय करेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. ताईलाही नाही.

स्पर्धेच्या दिवशी रेंजमुळे अख्खी वाडी शिवेवर जमली. फोन कुठे टेकवायचा यावर चर्चा झाली. झाडाला टेकवला तर ऊन यायचं, हातात धरला तर हात हलायचा. शेवटी आत्यानेच तो धोंड्याला टेकवून ठेवला. “सालभर बसून असतो, जरा धरेल,” ती म्हणाली. अप्पाही आले होते. राखणदाराच्या इतक्या जवळ ते प्रथमच बसले होते आणि मुद्दाम फोनकडेच बघत होते.

ताई तिसऱ्या टप्प्यावर, वळणाच्या तोंडाशी. गोळी सुटली. पहिली मुलगी बरी पळाली, दुसरी सुसाट. ताई मागे बघत वाकून उभी होती, डोळे पट्टीवर. दुसरी जवळ आली. पट्टीवर आली. ताई वळली.

आणि चित्र थांबलं. मधोमध ते गोल चक्र फिरायला लागलं.

“काय झालं रे?”

“रेंज गेली.”

“आत्ताच जायची व्हती? गो, तू निवेदन दे त्याला, पटकन!”

मी फोनला हात लावू का नको अशा अवस्थेत होते आणि अप्पा “कोणी हलू नका” म्हणून स्वतःच हलत होते. चित्र परत आलं तेव्हा बॅटन ताईच्या उजव्या हातात होतं आणि ती वळण कापत होती, आत चिकटून, घाटातल्यासारखी. पण मधलं गेलं होतं. मान फिरली की नाही, खांदा आखडला की नाही, कोणीच पाहिलं नव्हतं. तिने बॅटन चौथीला दिलं, चौथी पळाली, तीन-चार जणी एकदमच रेषेवर पडल्यासारख्या पोचल्या. निकाल लागेना. पडद्यावर सगळ्या देशांच्या मुली मोठ्या फलकाकडे तोंड करून उभ्या होत्या, हात जोडून, तोंडावर हात ठेवून.

एक सोडून. आमची ताई वळणाच्या टोकाला फलकाकडे पाठ करून चालत होती. कॅमेऱ्याला ते विचित्र वाटलं असावं, तो तिच्याकडेच गेला. तिने कडेच्या एका मुलाकडून पाण्याची बाटली मागून घेतली. वाकली. स्पाइक्ससकट आधी उजव्या पायावर पाणी ओतलं, मग डाव्या पायावर. इंग्रजीत बोलणारा समालोचक म्हणाला की आज उष्मा फार आहे.

आत्या धोंड्यासमोर उभी राहिली आणि ओरडली, “पाय धुतले गो तिनं! नाय बघितलं, नाय बघितलं मागं!”

तेव्हा कुठे पडद्यावर ताईने मान फिरवली आणि फलक वाचला. आमचा देश तिसरा होता. वाडीने जो आवाज केला, तो घाटातल्या टेम्पोवाल्यांनीही ऐकला असेल, इंजिन बंद असल्यामुळे स्पष्ट.

सगळे पेढ्यांच्या शोधात उतरायला लागले. आत्याने माझा दंड धरला. “तू थांब. गाऱ्हाणं ऐकलं त्यानं. आता आभार मान.”

“आत्या, मागणी मान्य झाली की आभार मानत नाहीत.”

“मग काय करतात?”

“पुढची मागणी करतात.”

अप्पा वळून माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांच्या छपाईचं चीज झाल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. मी हात जोडले. तेवढं ठरलेलं होतं. “जाहीर निवेदन क्रमांक दोन. महाड आणि पोलादपूरच्या मुलींना पळायला मैदान मिळालं पाहिजे. सभेचं नव्हे, हेलिकॉप्टर उतरवायचं नव्हे, पळायचं. आपल्या हातात नसेल तर ज्यांच्या हातात आहे त्यांच्या पाठी लागावं. आपण पाठी लागता अशी आपली ख्याती आहे.”

आत्याने या वेळी मला ढोसलं नाही. उलट कमरेच्या पिशवीतून खोबऱ्याचा तुकडा काढून ठेवला आणि पुटपुटली, “ह्ये मातर खरं हाय बाबा. मनाव घे.”

त्या निवेदनाची प्रत मी अप्पांच्या छापखान्यात छापून घेतली आणि माणसांच्या कचेऱ्यांतही नेऊन दिली. तिथून अजून उत्तर आलेलं नाही. दगडाकडूनही नाही, पण तो निदान खोबरं घेऊन झोपत नाही, कावळ्याला देतो.

त्या दिवशी शिवेवरून उतरताना मी मागे बघितलं नाही. याला श्रद्धा समजू नये. मागून आत्या येत होती आणि “हळू चाल गो, ‘आपल्या हातात नसेल तर’ असं देवाला कसं बोललीस?” असं विचारत होती. अशा वेळी मान सरळ ठेवून वेग वाढवणं, हे आमच्या घराण्याचं आता अधिकृत तंत्र आहे.